'नावीन्य नाही' असा शेरा

एकदा फिरवलं की कधीच न थांबणारी यंत्रं माझ्या टेबलावर एकूण नऊ आली, आणि नऊच्या नऊ थांबली. त्यांतली चार एकट्या आपट्यांची. आपटे म्हणजे डोंबिवलीचे निवृत्त पोस्टमास्तर. सायकलच्या चाकाला पितळी वाट्या बांधून त्यांत पाणी भरलेलं ते यंत्र त्यांनी पहिल्यांदा आणलं, तेव्हा माझ्या नोकरीला पंधरवडाही झाला नव्हता. "एकदा गती दिली की झालं," ते म्हणाले. "मग तुम्ही-आम्ही नसू, पण हे फिरत असेल."

मला पदार्थविज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "मग इथेच फिरवून ठेवून जा. उद्या सकाळी येऊन न्या." दुसऱ्या दिवशी आपटे दहाच्या ठोक्याला हजर. चाक अर्थातच थांबलेलं. त्यांनी चाकाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तुमच्या कचेरीतली हवा जड आहे." दर सहा महिन्यांनी ते सुधारलेलं चाक घेऊन येत. पुढे पुढे चाकाबरोबर त्यांच्या पत्नीनं दिलेल्या मेतकुटाची पुडीही येऊ लागली. चाकांविषयी माझं मत कधी बदललं नाही. मेतकूट मात्र उत्तम असे.

तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेला माणूस सरकारी नोकरीत यंत्रं तपासायला कसा बसला, हे मला आजही लोक विचारतात. खरं उत्तर असं, की जाहिरातीत 'पदवीधर' एवढंच म्हटलं होतं आणि मला नोकरी हवी होती. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. धरणांच्या आणि कारखान्यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरलेली असत. अशा दिवसांत कोणातरी वरच्या अधिकाऱ्याला वाटलं, की साध्या माणसाच्या डोक्यातून निघणाऱ्या युक्त्यांनाही सरकारनं हात द्यावा. त्यातून ठाण्याला, तलावाच्या मागच्या आळीत, आमची कचेरी निघाली. दोन खोल्या, आणि खाली पिठाची गिरणी. शेरा लिहायच्या आधी कागदावरचं पीठ फुंकावं लागे.

आमचं काम सांगायला सोपं होतं. कोणी म्हणायचा, मी अमुक एक नवीन वस्तू केली आहे. आम्ही ती पाहायची, ती खरंच नवी आहे का आणि उपयोगाची आहे का ते ठरवायचं, आणि शिफारस करायची. आमच्याकडे पैसे जवळजवळ नव्हतेच. खरी मदत परवान्यांची असे. लोखंड, सिमेंट, इमारती लाकूड परवान्याशिवाय न मिळण्याचे ते दिवस. आमचा शेरा 'नावीन्य आहे' असा पडला की माणसाला सामान मिळे, 'नाही' पडला की वस्तू डोक्यातच राहायची.

कचेरीचे मुख्य बर्वे साहेब इंजिनियर होते. हाताला ग्रीसचा वास असलेला सरळ माणूस. मला ते पहिल्या दिवसापासून 'शास्त्रीबुवा' म्हणत, आणि त्यात थट्टा किती नि आदर किती हे मला कधी कळलं नाही.

माझा पहिला उपयोग झाला तो कल्याणच्या इस्माईलभाईंच्या अर्जात. इस्माईलभाई शिंपी. त्यांनी शिलाई मशीनच्या पायट्याला एक दांडी जोडून वर कापडी पंखा टांगला होता. मशीन चाललं की पंखा हलायचा. उन्हाळ्यात घामाचे ठिपके गिऱ्हाइकाच्या कापडावर पडू नयेत म्हणून ही युक्ती. बर्वे साहेब म्हणाले, "पायटा जुना, पंखा जुना. यात नवं काय आहे?"

मी म्हणालो, "साहेब, तांदूळ जुने, दूध जुनं, साखर जुनी. पण पहिल्यांदा खीर झाली तेव्हा ती नवीच होती ना?"

साहेबांनी चष्मा काढला. इस्माईलभाई बाकावरून म्हणाले, "हे साहेब बरोबर बोलतात. मी येतानाच घरी सांगून आलेलो, कोणीतरी समजूतदार भेटेल." इस्माईलभाईंना लोखंडाचा परवाना मिळाला आणि कल्याणच्या शिंपी आळीत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बरेच पंखे हलू लागले. मी एकदा मुद्दाम जाऊन पाहून आलो. बाहेर उभा राहून मनातल्या मनात मोजले, आणि त्या रात्री फार छान झोप लागली.

त्यानंतर साहेबांनी मला बोलावलं. आमच्यासारख्या कचेऱ्या आणखी निघणार होत्या, आणि साऱ्यांनी एकाच मापानं मोजावं म्हणून वरून टिपण मागवलं होतं. "शास्त्रीबुवा," साहेब म्हणाले, "नवं म्हणजे काय, ते एकदाचं लिहून द्या."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी माझ्या विषयातलं काम सांगितलं होतं. मी तीन आठवडे घासून नऊ पानं लिहिली. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, व्याख्या कशी करावी हे शिकवताना गाईचं उदाहरण देतात. 'पांढरी असते ती गाय' म्हटलं तर तांबडी गाय बाहेर राहते. हा अव्याप्तीचा दोष. 'शिंगं असतात ती गाय' म्हटलं तर म्हैस आत शिरते, हा अतिव्याप्तीचा. मी लिहिलं, की आजवरच्या आपल्या नियमात म्हशी फार शिरताहेत. कोणीही सफाईदार नकाशा काढून आणतो आणि परवाना घेऊन जातो. म्हणून व्याख्या अशी हवी : जे पूर्वी नव्हतं, जे अर्जदाराच्या स्वतःच्या बुद्धीतून निघालं आणि जे उपयोगी आहे, ते नवं.

आणि पुरावा? तिथे तर मी माझी सारी हुशारी खर्च केली. अर्जदार स्वतःच्या बाजूनं बोलेल तेव्हा त्याच्यावर सहज विश्वास ठेवू नये, कारण त्यात त्याचा स्वार्थ आहे. पण स्वतःच्या विरुद्ध कोणी खोटं बोलत नाही. तेव्हा अर्जदारच जर म्हणाला की वस्तू नवी नाही, तर तेवढा पुरावा पुरे. प्रत्यक्ष पाहणीला जाण्याची गरज नाही. या एका कलमामुळे साऱ्या कचेऱ्यांच्या खेपा वाचतील, असंही मी जोडलं. वर ते फार आवडलं. टिपण छापून परिपत्रक म्हणून आलं. मी एक प्रत घरी नेली. वडिलांनी ती दोनदा वाचली, आणि एम.ए.ची फी वाया गेली नाही, असं आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, उन्हाळा सरत आला असताना, चांगो म्हात्रे आला.

डोंबिवलीला उतरून कोपरच्या अंगानं चालत गेलं की खाडीला लागून त्याचं गाव. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी त्याचा अर्ज लिहिला होता. अर्ज समजायला खाडीकाठची शेती समजायला हवी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांब बांध असतो. बांधाला मधूनमधून भोकं ठेवतात आणि प्रत्येक भोकावर वरून लोंबतं लाकडी दार बसवतात. याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचंच पाणी दाराला दाबून बंद करतं. कोणी राखण करायला नको. अडचण एकच. दाराखाली गवत, फांदी, चिखलाचा गोळा असं काही अडकलं की दार नीट मिटत नाही. मग भरतीचं खारं पाणी आत घुसतं आणि शेत दोन-तीन वर्षं पिकत नाही. म्हणून भरती चढत असतानाच कोणीतरी पाण्यात उतरून, दाराखाली हात घालून, ते अडकलेलं ओढून काढायचं.

चांगोनं तिथे एका दाराऐवजी तीन उभ्या फळ्या बसवल्या होत्या. प्रत्येक वेगळी लोंबती, खालच्या कडेला मोटारीच्या जुन्या टायरची पट्टी, आणि प्रत्येक फळीला वर बांधापर्यंत दोर. काही अडकलं तर वर उभं राहून ती एकच फळी हातभर उचलायची; पाण्याच्या लोटात घाण निघून जाते; मग फळी सोडून द्यायची. बांधाला तीन उघाड्या होत्या. एकीवर हे दार लागलं होतं. उरलेल्या दोन उघाड्यांसाठी पावसाळ्यापूर्वी लाकडाचा परवाना हवा होता. अर्जाच्या अगदी शेवटी गुरुजींनी लिहिलं होतं : 'परवाना न मिळाल्यास अर्जदाराचा धाकटा भाऊ पदू यास पाण्यात उतरणे भाग आहे.' ही ओळ मी वाचली. आमच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

चांगो पन्नाशीचा, उन्हानं काळवंडलेला, बोलायला कमी. बाकावर बसा म्हटलं तरी बसला नाही.

"हे दार तुम्ही केलंत?" मी विचारलं.

"बांधावचा हाय सायब."

"हो, पण केलं कोणी? नवं तुम्हीच काढलंत ना?"

"नाय. नवा कसला? जुनाच हाय. वाडवडलांपासून चाललाय."

"म्हणजे यापूर्वीही अशीच दारं होती?"

तो खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "बांधावचा काय कोना एकाचा नसतो सायब. मी कसा बोलू माजा हाय?"

मी सरळ माणसाला ओळखतो असा माझा समज होता, आणि हा माणूस सरळ होता यात शंका नव्हती. स्वतःचं नुकसान करून तो खरं सांगत होता. माझ्या कलमाला इतकं नेमकं बसणारं उदाहरण मला पूर्वी मिळालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

बर्वे साहेब आतून आले. अर्ज वाचून म्हणाले, "शास्त्रीबुवा, डोंबिवली काय लांब नाही. एकदा जाऊन बघून येऊ या?"

"साहेब, परिपत्रकात तशी गरज नाही," मी म्हणालो. "अर्जदार स्वतःच सांगतोय."

साहेबांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला. परिपत्रक माझंच होतं, त्यामुळे त्याचा अर्थ लावण्याचा मान त्यांनी मला दिला असावा. मी कागदावरचं पीठ फुंकलं आणि लिहिलं, 'नावीन्य नाही.'

"मंग लाकूड?" चांगोनं विचारलं.

"नाही मिळणार."

"बरा," तो म्हणाला, आणि नमस्कार करून जिना उतरला. त्यानं भांडायला हवं होतं, असं मला पुढे किती वेळा तरी वाटलं. पण भांडण्याची सवय त्याला नव्हती आणि त्याच्या न भांडण्याचा अर्थ लावण्याची मला.

श्रावणातल्या अमावास्येनंतर गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. उधाणाच्या भरतीला, भर दुपारी, दुसऱ्या उघाडीत बाभळीची फांदी अडकली. पदू उतरला. त्यानं फांदी ओढून काढली, पण पाण्याच्या दाबानं दार त्याच्या उजव्या हातावर मिटलं. गावकऱ्यांनी पहार घालून दार उचलेपर्यंत बराच वेळ गेला. पदू जिवानिशी वाचला. हात मनगटापासून गेला. कार्डावर तक्रारीचा एक शब्द नव्हता. खाली फक्त लिहिलं होतं, 'आपणांस कळावे म्हणून.'

मी रजा टाकून गेलो. बांधावर चिखल इतका, की चपला हातात घ्याव्या लागल्या. गुरुजी बरोबर होते. पहिल्या उघाडीवर मी ते तीन फळ्यांचं दार पाहिलं. टायरच्या पट्टीवरची नक्षी अजून झिजलेली नव्हती. जुनं म्हणावं असं त्या दारात काही नव्हतं.

"गुरुजी, हे नवंच आहे की!"

"नवंच आहे. गेल्या पावसाळ्यानंतर केलं. टायर कापायला माझ्याच घरची कातर नेली होती, मोडून आणली."

"मग तो खोटं का बोलला?"

गुरुजींना माझा राग आला असावा, पण ते हळूच म्हणाले, "त्याच्या लेखी ते खोटं नाही हो. या गावात बांधावर काही लावलं की ते वाडवडलांचं. 'मी नवं केलं' असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर खाडीला ऐकू जातं आणि ती परीक्षा बघायला येते, असं मानतात. चांगो तर बांधावरचा सगळ्यात मानाचा माणूस. तो कसा म्हणेल? मला वाटलं, तुम्ही बघायला याल. बघितलं की कळलंच असतं."

स्वतःच्या विरुद्ध कोणी खोटं बोलत नाही. हे वाक्य लिहिताना मी ठाण्यातल्या खोलीत बसून जगातल्या सगळ्या माणसांचा विचार केला आहे असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी माझ्यासारख्याच माणसांचा विचार केला होता, ज्यांना स्वतःचं नाव छापून आलेलं आवडतं. म्हशी आत शिरू नयेत म्हणून मी कुंपण इतकं घट्ट घातलं, की खरी गाय बाहेर राहिली. ही अव्याप्ती मी वर्गात पाठ म्हणून दाखवत असे.

चांगो घराच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. माफी मागायची सोडून मूर्खासारखा त्यालाच जाब विचारला. "तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

तो रागावला नाही. सुई बाजूला ठेवून म्हणाला, "तुमी इचारलाव, कोनाचा हाय. मी बोललू. दरवाजा काय करतो, ता तुमी इचारलावच नाय."

आतून त्याच्या घरातल्या बाईनं चहा पाठवला. तो तसाच ठेवून मी उठलो. पदूला भेटण्याचं धैर्य त्या दिवशी झालं नाही, आणि ते मी इथे लपवत नाही.

परत आल्यावर मी दुसरं टिपण लिहिलं. ते दीड पानाचं होतं. त्यात गाय नव्हती, म्हैस नव्हती. वस्तू कोणाची आणि ती नवी आहे का, हे दोन्ही प्रश्न अर्जदाराला विचारूच नयेत; ते ठरवणं आपलं काम आहे, त्याचं नाही. त्याला विचारावं, पूर्वी काय होत असे आणि आता काय होतं. मग जाऊन पाहावं. न पाहता 'नाही' असा शेरा कोणीही मारू नये. पहिल्या टिपणातल्या माझ्या चुकीनं एका माणसाचा हात गेला, हेही मी त्यात लिहिलं. बर्वे साहेब म्हणाले, "हे वाक्य काढा. नोकरीवर येईल."

"राहू द्या, साहेब."

"शास्त्रीबुवा, चूक एकट्या तुमची नाही. मी जाऊ या म्हणालो आणि गेलो नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्या सहीखाली आपलीही सही केली. ते टिपण काही छापून आलं नाही. वर त्याचं बरंच चर्वण झालं, असं ऐकलं. शेवटी, 'आपल्या जिल्ह्यापुरता प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही' असं दोन ओळींचं पत्र आलं. पुढे बाकीच्या कचेऱ्यांनीही हळूहळू तीच पद्धत उचलली. देशाच्या धोरणात माझी भर पडली असेल तर ती एवढीच, आणि तिची किंमत दुसऱ्यानं दिली.

नव्या पद्धतीचा पहिला अर्ज दिवाळीनंतर आला. चांगो आणि पदू दोघेही आले. या खेपेला चांगो बाकावर बसला. पदू तिशीचा, भावापेक्षा उंच, उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. दार मी पाहिलेलंच होतं. शेरा काय पडणार ते कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. पण अर्ज रीतसर भरायला हवा, म्हणून मी स्वतः लेखणी घेऊन बसलो.

"पूर्वी काय होत असे?" मी विचारलं.

चांगोनं सांगितलं, "पदू पान्यान उतरायचा."

मी लिहिलं. "आता काय होतं?"

 चांगोनं भावाकडे पाहिलं. पदूनंच उत्तर दिलं, अगदी सहज, शेजारच्याला सांगावं तसं. "आता पयल्या उघाडीव मी वरती बांधाव बसतू न् दोरी खेचतू. डाव्या हातान."

मी लिहून घेतलं. सही-अंगठ्यापूर्वी मजकूर वाचून दाखवण्याचा नियम आहे, तसा वाचून दाखवला : 'पूर्वी अर्जदाराचा भाऊ पाण्यात उतरत असे. आता तो बांधावर बसून दोर ओढतो.'

पदूनं मान हलवली. "डाव्या हातान, ता राह्यला सायब."

मी राहिलेला शब्द मध्ये घालायची खूण, काकपद, काढलं आणि ते दोन शब्द ओळीच्या वर लिहिले.